मृगाचा मासा, दरवाजाचा मासा

जुलै-ऑगस्ट उजाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडलेत, गोदावरी मातकट होऊन फेसाळतेय आणि खाली काठावर दहा-बारा जण जाळी घेऊन उभे आहेत. पुण्यात ऑफिसात बसून मी तो बघतो आणि आजोबा आठवतात. ते म्हणायचे, मृगाचा पाऊस पडला की मासा चढणीला लागतो. व्हिडिओतला मासा मात्र दरवाजे उघडल्यावर हाती लागलेला असतो. हा बदल कधी झाला, ते शोधताना मी थेट बाराव्या शतकात पोचलो.

लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की बिदर जिल्ह्यात बसवकल्याण लागतं. ही चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११२९-३१चा. त्यात ओवीचा उल्लेख येतो म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. पण त्याच्या १०० अध्यायांत एक 'मत्स्यविनोद'ही आहे, म्हणजे चक्क गळाने मासे धरण्याचा अध्याय! माशांचे प्रकार, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे. कुठल्या माशाला कुठलं आमिष. दोर आणि काठी कशी हवी, हे सगळं त्यात आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. आपल्या भागात मासेमारीचं ज्ञान किती जुनं आहे, याचा हा लेखी पुरावा.

राजासाठी तो विनोद होता. नदीकाठच्या भोई समाजासाठी ते पोट होतं, आणि पोटाचं वेळापत्रक पावसाने ठरवलेलं. मृग-आर्द्रात नदीला नवं पाणी आलं की अंड्यांनी भरलेला मासा प्रवाहाविरुद्ध वर सरकायचा, ओढ्या-नाल्यांत शिरायचा, काठावरच्या उथळ पुरात अंडी घालायचा. पूर ओसरल्यावर नदी निवळायची आणि जाळ्याचे चांगले दिवस यायचे. थंडीत मासा सुस्त. उन्हाळ्यात नदी तुटून नुसते डोह उरायचे, आणि त्या डोहांत जे जगलं-वाचलं तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. मरळ वरची हवा घेऊ शकते, त्यामुळे ती चिखलातही तग धरायची.

मग धरणं आली. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्यानंतर नांदेडला विष्णुपुरी, आणि आता दिग्रस, अंतेश्वर, आमदुरा, बळेगाव, बाभळी अशी बंधाऱ्यांची रांगच आहे. शेताला, शहराला पाणी मिळालं. ते नको होतं असं कुणी म्हणणार नाही. पण चढणीच्या वाटेवर भिंती उभ्या राहिल्या.

साठलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ वाढतात, पण अंडी घालायला त्यांना वाहता पूर लागतो. यावर तोड निघाली ओडिशातल्या अंगुलला. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावलं. तिथून मत्स्यबीजाचा जमाना सुरू झाला. आज मच्छीमार सोसायटी तलावाचा ठेका घेते, बोटुकली विकत आणून सोडते आणि मासा वाढायची वाट बघते. पूर्वी नदी फुकट देत होती ते बी आता पैसे मोजून येतं. म्हणजे दुष्काळ पडला की मासाही गेला आणि भांडवलही.

२०१६चं लातूर आठवतं ना? मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. ती बातमी देशभर गेली. पण ज्या धरणात माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे मासा कुठून असणार? त्याच्यावर जगणाऱ्या घरांची बातमी माझ्या तरी वाचनात आली नाही.

हीच मांजरा पुढे बिदर, तेलंगणा असा वळसा घालून गोदावरीला मिळते. त्या भागातच, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे त्याचे १४ दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात, आणि १ मार्चला खाली ०.६ टीएमसी पाणी सोडावं लागतं. निकाल दोन राज्यांतल्या पाण्याच्या वाटणीचा. पण तारखा नीट बघा. उघड्या दरवाजांचे पहिले दोन महिने म्हणजे ऐन माशांच्या विणीचे दिवस! एवढ्या एका बंधाऱ्यापुरती, भांडणाच्या तडजोडीतून का होईना, माशाला वाट मिळाली.

कोकणात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ मानला जातो. म्हणजे माशाचं कॅलेंडर सरकारला कळतं. मग गोदावरीवरच्या बाकी दरवाजांच्या तारखा ठरवताना, पाऊसपाणी बरं असलेल्या वर्षी तरी, पहिल्या पुराचे चार दिवस चढणीसाठी मोकळे ठेवता येणार नाहीत का? कदाचित पाण्याचा हिशेब जमणार नाही. पण हिशेबात मासा आणि भोई हा रकानाच नसेल, तर उत्तर नेहमी शून्यच येणार.

यंदाही ग्रुपवर व्हिडिओ येईल. बघाल तेव्हा फेसाळत्या पाण्याबरोबर दरवाजाच्या पायथ्याशीही नजर टाका. वर जायला निघालेला मासा तिथेच अडतो, आणि जाळीही तिथेच लागलेली असतात.