यमूचा पुढचा हप्ता

उंबरमाळीच्या फलाटावर तुम्ही कादंबरीची वही उघडून बसला आहात. भातसा धरणावरची कादंबरी: पाणी मुंबईला, गाव पाण्याखाली. पात्रांची नावं, त्यांना जोडणारे बाण, शेवटाचे तीन पर्याय, सगळं आहे. पहिलं वाक्य मात्र नाही. कसाऱ्याकडे जाणारी गाडी येते, तुम्ही चढता आणि तोंडावर कोळशाचा धूर येतो. साल १८९१.

लाकडी बाकं, जी.आय.पी. रेल्वे. समोर नाशिकला निघालेला एक कारकून ‘करमणूक’चा अंक उघडतो आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी मोठ्यानं वाचू लागतो. शेजारचे सरकून जवळ येतात. कादंबरीतली यमू स्वतःची कहाणी सांगते आहे, आणि तंबाखू मळणारा हातही थांबलाय. घाट लागतो. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. मधेच गाडी थांबते, इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला जोडतात, तेवढ्यात हप्ता संपतो.

“पुढं काय झालं हो पोरीचं?” एक आजोबा विचारतात.

“पुढच्या अंकात.”

तुम्हाला ठाऊक आहे. वैधव्य, केशवपन. तुम्ही जीभ चावून गप्प बसता.

डोळे मिटून उघडता तो पुणं. हरि नारायण आपटे सत्तावीस वर्षांचे आहेत. ‘करमणूक’ त्यांनीच मागच्या वर्षी सुरू केलंय आणि आनंदाश्रम संस्थेचा कारभारही त्यांच्याकडेच आहे. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात १८९० ते १८९३ अशी हप्त्याहप्त्यानं छापली जाणार. तुम्ही वहीतलं तिसरं प्रकरण सात वेळा खोडू शकता; त्यांचं तिसरं प्रकरण कधीच वाचकांच्या घरी पोचलंय. इथे मसुदा हाच ग्रंथ. या पद्धतीची किंमतही आहे: ‘आजच’, ‘कर्मयोग’ अशा त्यांच्या काही कादंबऱ्या अर्ध्यावरच राहिल्या.

मग यमू तीन वर्षं कशी तगली? मला वाटतं, हरिभाऊंनी घटनांआधी बोलणारी ठरवली म्हणून. सगळं भोगून झालेली बाई लहानपणापासून सांगत येते. तिला काय दिसलं असेल, कुठं ती अडखळेल, हे कळलं की पुढचा हप्ता सुचतो. लगेच नंतरच्या कादंबरीचं तर नावच ‘मी’. तुमच्या वहीत धरणाचा अभियंता आहे, जमीन गेलेली म्हातारी आहे, दोघांमध्ये लाल बाणही आहे. बोलत कुणीच नाही.

पुन्हा तोच घाट, पण आता विजेचं इंजिन. साल १९६३. गाडी खानदेशात उतरते. तुम्ही सांगवीला जाता. पंचवीस वर्षांचे भालचंद्र नेमाडे ‘कोसला’ या कादंबरीतल्या, आपल्याच वयाच्या पांडुरंग सांगवीकरला बोलायला लावतायत. वसतिगृहाचे दिवस, डायरी, इतिहासाची टिंगल, धाकट्या बहिणीचं मरण: एरवी एका पुस्तकात नांदली नसती अशी ही प्रकरणं, पण सांगणारा एकच, म्हणून नांदतात. काही आठवड्यांत ‘कोसला’ लिहून होते आणि त्याच वर्षी पुण्याची देशमुख आणि कंपनी ती छापते. बाण काढायला सवडच मिळाली नसावी.