एक्स्चेंजपासून घरापर्यंत

नोकरीनिमित्त ज्यांची हयात महाराष्ट्राबाहेर गेली, त्यांच्या आठवणींत टेलिफोनला एक वेगळेच स्थान असते. गावाकडील वडीलधाऱ्यांची खुशाली कळावी म्हणून ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास ताटकळत बसावे; अखेर जोडणी मिळाली की खरखरीतून चार ओळखीचे शब्द वेचून घ्यावेत; आणि तीन मिनिटे संपत आली म्हणून मुख्य गोष्ट मनातच ठेवून रिसीव्हर खाली ठेवावा, हा अनुभव आमच्या पिढीस नवा नाही. पुढे यंत्रे सुधारली, आवाज स्वच्छ झाला आणि ती खरखर कायमची गेली, असे आम्ही समजून चाललो. ती गेली नव्हती. तिने केवळ आमच्या कानांची पाठ सोडली होती.

याचा बोध आम्हांस फार उशिरा झाला. सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात सरकारी वसाहतीत राहत असता, टेलिफोनच्या तारेवरूनच घरी ब्रॉडबँड घेण्याचे आम्ही ठरविले. शेजारच्या बंगाली गृहस्थांनीही त्याच आठवड्यात घेतले. योजना एकच, बिल एकच, मोडेमही एकाच बनावटीचा. त्यांच्याकडे सारे सुरळीत. आमच्याकडे मात्र संथ, आणि पावसाची सर आली की पूर्ण बंद. मौज अशी की फोनवर बोलणे उत्तम चाले. आम्ही रीतसर तक्रारी केल्या. हयातभर मसुदे लिहिलेल्या हाताने केल्या, तेव्हा भाषेत उणेपणा नव्हता. मोडेम दोनदा बदलून मिळाला. वेग तोच. शेवटी निवृत्तीला आलेला एक लाइनमन आला. त्याने मोडेमकडे पाहिलेही नाही. कोपऱ्यावरील लोखंडी पेटी उघडली, एका जोडाची कुजकी पट्टी सोडविली, आणि हिरवट पडलेल्या तांब्यावरचे पाणी आम्हांस दाखवून म्हणाला, "साहब, मशीनें तो दोनों तरफ नई हैं, बीच का तार किसने देखा?"

त्याने जोड नव्याने केला आणि आमचे गाऱ्हाणे मिटले. त्याचा प्रश्न मात्र मिटला नाही. 'मधली तार कोणी पाहिली?' या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहू लागल्यास तारायंत्रापासून ब्रॉडबँडपर्यंतचा सारा इतिहास निराळाच दिसू लागतो.

आपल्या देशात या इतिहासाचा आरंभ एका डॉक्टरपासून होतो. कंपनी सरकारच्या वैद्यकीय खात्यातील विल्यम ओशॉनेसी याने 1839 मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचा प्रयोग केला, आणि 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. ओशॉनेसीने विलायतेतील नाजूक तारेची नक्कल केली नाही. या देशातील वादळे, पाऊस, पक्षी आणि माकडे यांपुढे बारीक तार टिकणार नाही, हे ओळखून त्याने जाड लोखंडी सळया वापरल्या. संदेश पाठविण्याच्या यंत्राइतकाच मधल्या वाटेचा विचार केला पाहिजे, हे त्याने जाणले होते.

उलट उदाहरण 1858 चे. अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली केबल पडली. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश अमेरिकेत पोहोचावयास सुमारे 16 तास लागले. विल्यम टॉमसन याने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेल्या शास्त्रज्ञाने, गणिताने आधीच सांगून ठेविले होते की केबलची लांबी दुप्पट झाली तर संकेताचा विलंब चौपट होतो. कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस यास हे मान्य नव्हते. संदेश मंद येतो तर जोर वाढवावा, अशा विचाराने त्याने सुमारे 2,000 व्होल्टचा दाब लावला, आणि आधीच सदोष असलेली केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. टोकावरच्या यंत्राने मधल्या तारेची उणीव भरून काढता येते, या समजुतीची एवढी महाग किंमत त्यापूर्वी कोणी दिली नसेल.

1876 मध्ये बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले, आणि अवघ्या सहा वर्षांत, 1882 च्या जानेवारीत, कलकत्त्यात एक्स्चेंज सुरू झाले. मुंबई व मद्रास येथेही त्याच वर्षी. प्रारंभीचे टेलिफोन एकाच तारेवर चालत. दुसऱ्या तारेचे काम जमिनीकडून करून घेत. त्यामुळे जमिनीतील सारा विद्युत्-गोंगाट कानात येई. यावर उपाय म्हणून दोन तारा एकमेकींभोवती पिळून नेण्याची पद्धत निघाली. दोहींवर सारखाच गोंगाट पडावा आणि तो परस्पर कटून जावा, ही त्यातील युक्ती. एक्स्चेंजपासून प्रत्येक घरापर्यंत गेलेली ही पिळाची ताम्रजोडी म्हणजेच आमच्या प्रस्तुत विषयाची नायिका होय.

तिच्यावरून आवाज दूर कसा न्यावा, या प्रश्नाचे उत्तर ऑलिव्हर हेविसाइड या विक्षिप्त विद्वानाने दिले. तो मूळचा तार कंपनीतील कर्मचारी, कानांनी अधू, चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी गणित करीत बसलेला. 1887 मध्ये त्याने दाखविले की तारेचे काही विद्युत्-गुण विशिष्ट प्रमाणात राखले तर आवाज क्षीण झाला तरी विकृत होणार नाही, आणि त्यासाठी तारेतील प्रेरकत्व वाढविले पाहिजे. ब्रिटिश पोस्ट खात्यातील वरिष्ठ विद्युत्-अधिकारी विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते. अधिकार प्रीस यांच्याकडे होता, म्हणून हेविसाइडचा लेख छापावयाचा राहिला. वाचकांपैकी ज्यांनी फायलींवर शेरे मारण्यात आयुष्य घालविले, त्यांनी या प्रसंगी क्षणभर थांबावे. पुढे 1900 च्या सुमारास अमेरिकेत प्यूपिन व कॅम्पबेल यांनी ठरावीक अंतरांवर तारेची वेटोळी बसवून तेच तत्त्व सिद्ध केले. पेटंटचा पैसा प्यूपिनला मिळाला. हेविसाइड दारिद्र्यातच राहिला.

'लोडिंग कॉइल' या नावाने ही वेटोळी जगभर रुळली. अमेरिकेत साडेपाच किलोमीटरहून लांब असलेल्या ग्राहकांच्या तारांवर ती सर्रास बसविली जात. मानवी आवाजास दर सेकंदास 300 ते 3,400 कंपनांची वाट पुरते. ती वाट या वेटोळ्यांनी स्वच्छ ठेवली. परंतु त्यापलीकडची कंपने ती जवळजवळ अडवूनच टाकीत. त्या काळी त्यापलीकडे जाण्याचे कोणास प्रयोजनच नव्हते. शंभर वर्षांनी ब्रॉडबँडसाठी याच वेटोळ्यांचा शोध घेऊन ती उपटून काढावी लागली. एका युगाचा उपाय दुसऱ्या युगाचा अडथळा झाला.

स्वातंत्र्याच्या वेळी अवघ्या देशात चालू टेलिफोन एक लाखाहूनही कमी होते. 1948 मध्ये बंगलोरला टेलिफोनची यंत्रे करण्याचा कारखाना निघाला, 1952 मध्ये बंगालमधील रूपनारायणपूर येथे केबलचा. 1960 मध्ये कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान, ऑपरेटरच्या मदतीवाचून थेट नंबर फिरविण्याची सोय झाली. हे सारे अभिमानास्पदच होय. परंतु मागणी अफाट आणि पैसा तुटपुंजा; टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाचा नित्याचा अनुभव होता. अशा वेळी खात्याच्या यशाचे माप कोणते? नव्या जोडण्या किती दिल्या, हे. जुन्या केबलीच्या जोडांत पाणी किती शिरले, याचा तक्ता कोणत्याही वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर येत नसतो. कागदी आवरणाच्या केबलीत ओल शिरली, रस्ता खणताना कोणी तार तोडली आणि ती घाईने जोडली, कोणी जोडणी सोडली पण तिची फांदी तशीच लोंबत राहिली. या साऱ्यांतून आवाज कसाबसा जात होता, आणि तेवढे पुरे होते. मनुष्याचा कान उदार आहे. अर्धे वाक्य ऐकले तरी उरलेले तो मनाने पुरे करतो, आणि आईचा आवाज तर खोकल्यावरूनही ओळखतो.

यंत्राजवळ हे औदार्य नाही. क्लॉड शॅनन याने 1948 मध्ये सिद्ध केले की कोणत्याही वाटेवरून किती माहिती बिनचूक जाऊ शकेल, यास एक कमाल मर्यादा असते, आणि ती दोन गोष्टींवर अवलंबून असते: वाटेची रुंदी, आणि गोंगाटाच्या मानाने संकेताचे बळ. 15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले, तेव्हा आवाजाच्याच अरुंद वाटेवरून मोडेम शीळ घालीत जात असे. जगातील उत्तमोत्तम मोडेमही त्या वाटेवरून सेकंदास 56 किलोबिटांपलीकडे जाऊ शकला नाही.

मग तोच ताम्रतंतू अधिक रुंद वाट देईल काय, असा विचार सुरू झाला. अमेरिकेतील जोसेफ लेकलायडर याने 1980 नंतरच्या दशकात ओळखले की एकाच जुडग्यातील तारा एकमेकींत गोंगाट घालतात; म्हणून घराकडे येणारा वेग जास्त आणि घरून जाणारा कमी ठेवला, तर एकंदर लाभ मोठा होतो. एडीएसएल या नावाने ती पद्धत रूढ झाली. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी यांच्या पद्धतीने सेकंदास 11 लाख कंपनांपर्यंतची वाट 256 बारीक पट्ट्यांत विभागली गेली. मोडेम प्रत्येक पट्टीची परीक्षा घेतो; स्वच्छ पट्टीवर अधिक बिट लादतो, मळकट पट्टीवर कमी, आणि अगदीच बिघडलेली सोडून देतो. म्हणजे मोडेमने ठरविलेला वेग हे त्या तारेचे प्रगतिपुस्तकच होय.

या प्रगतिपुस्तकात प्रथम दिसते ती लांबी. कंपनसंख्या जितकी मोठी, तितका संकेत तांब्यात लवकर क्षीण होतो. 2003 च्या सुधारित पद्धतीत एक्स्चेंजच्या शेजारी सेकंदास 24 मेगाबिटांपर्यंत वेग मिळू शके. तीच तार पाच किलोमीटर गेली की एक-दोन मेगाबिटही मुश्किलीने मिळत. त्यानंतर येतात गंजलेले जोड, ओल, आणि संकेताचा प्रतिध्वनी उठविणाऱ्या त्या लोंबत्या फांद्या. कानाने ज्यांना अर्धे शतक क्षमा केली, ती सारी पापे येथे एका रकान्यात मांडली गेली.

2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग 256 किलोबिट ठरविला, आणि 2010 पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे लक्ष्य ठेविले. घरोघर गेलेल्या ताम्रजोड्या हे त्या वेळी देशाचे मोठे भांडवल होते. 2005-06 च्या सुमारास तारेचे टेलिफोन पाच कोटींच्या घरात होते. पण कागदावरील जोडी आणि वेग पेलणारी जोडी यांत अंतर होते. दूरसंचार नियामकाने त्याच वर्षी, खासगी कंपन्यांनाही ही शेवटची तार वापरू द्यावी अशी शिफारस केली होती. धोरणाने ती सक्तीची केली नाही. तिने तारांची स्थिती सुधारली असती की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. घडले ते असे की लोक मोबाइलकडे वळले, आणि 2020 च्या सुमारास तारेचे टेलिफोन दोन कोटींच्या आसपास उरले. तांब्याला दुसरा जन्म मिळाला होता खरा. परंतु पहिल्या जन्मीची हयगय त्यास भोवली.

हा दोष कोणा एका खात्याचा म्हणून आम्ही मांडीत नाही. आम्हीही सरकारी नोकरी केली आहे. नव्या कामाला उद्घाटन असते, फीत असते, भाषण असते. दुरुस्तीला यांतले काहीच नसते. अंदाजपत्रकात कात्री लावण्याची वेळ आली की पहिली रेघ देखभालीच्या रकमेवर पडते, आणि ती रेघ आमच्याही लेखणीने मारली आहे. कारण त्या वर्षी काहीच बिघडत नाही. बिघडते ते वीस वर्षांनी, दुसऱ्याच्या कारकीर्दीत. तोपर्यंत आपली बदली झालेली असते.

आता तांब्याची जागा काचतंतू घेत आहे. 1966 मध्ये चार्ल्स काव यांनी त्याची शक्यता मांडली. 2011 मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट या नावाने चालू राहिलेली योजना तो ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठीच आहे. काचेला गंज चढत नाही, आणि तिची वाट तांब्याहून कितीतरी रुंद आहे. तथापि रस्ता खणणाऱ्याची कुदळ तिलाही तोडते. तिचाही जोड कोणीतरी नीट करावा लागतो, आणि कोणत्या खड्ड्यातून ती गेली याची नोंद कोणीतरी ठेवावी लागते. या साऱ्याची तरतूद आज होते की नाही, हे आजच्या वेगावरून कळणार नाही. ते आमच्या नातवंडांना कळेल.

आमच्या त्या लाइनमनने जोड केल्यावर वर मेण लावले, पट्टी गुंडाळली, पेटीचे दार दोनदा ओढून पाहिले, आणि खिशातील लहानशा वहीत तारीख लिहून ठेविली. ही वही वरिष्ठ मागतात काय, असे आम्ही त्यास विचारले. तो हसला आणि म्हणाला, कोणी मागत नाही. पण माझ्यानंतर येणाऱ्याला लागेल.