खंदकातील कोंडी



युद्धाचा इतिहास सेनापतींनी लिहावा आणि इतरांनी वाचावा अशी रूढी आहे. मी लेथवर काम केलेला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत रात्री बसून झाले. म्हणून पहिल्या महायुद्धाकडे मी कारखान्याच्या दारातून पाहतो. तेथून पाहिले की त्यातील एक कोडे बरेचसे उलगडते.

१९१४ च्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची खंदकांची रांग उभी राहिली. पुढे तीन वर्षे लाखो माणसे मेली, तरी ती फारशी हलली नाही. शौर्य कमी पडले काय? मुळीच नाही.

न्यूव्ह शापेल हे फ्रान्समधील एक खेडे. १० मार्च १९१५ रोजी ब्रिटिश सैन्याने त्यावर हल्ला केला. हल्लेखोरांत जवळजवळ निम्मे भारतीय शिपाई होते. ३५ मिनिटे तोफा धडाडल्या आणि सकाळीच खेडे हाती आले. पण टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. पुढची बातमी मागे आणि मागचा हुकूम पुढे पोचण्यात तासच्या तास गेले. तेवढ्यात जर्मनांनी मोर्चे सावरले, कुमक आणली. १३ मार्चला लढाई थांबली तेव्हा ब्रिटिश बाजूचे सुमारे १२,००० लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले होते.

कताई जलद केली आणि विणाई तशीच ठेवली तर गिरणीत सूत साचते. येथे माणसे साचली. १८८४ सालची मॅक्झिमची मशीनगन मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या झाडी. गुरे अडविण्यासाठी निघालेली काटेरी तार आता माणसे अडवू लागली. बचाव करणाऱ्याची कुमक आगगाडीने येई. हल्ला करणारा मात्र पाठीवर ओझे घेऊन चिखलातून पायी चाले. कोंडीचे मूळ या विषम वेगात होते.

हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १८९८ साली सुदानात ओमदुरमान येथे याच यंत्राने आणि तोफांनी एका सकाळीत सुमारे १०,००० माणसे मारली होती. पण मरणारे आफ्रिकी होते. तो धडा आपल्यालाही लागू पडेल असे युरोपीय सेनापतींना वाटले नाही.

मग मागणी निघाली ती आणखी गोळ्यांची. १९१५ मध्ये ब्रिटनला तोफगोळ्यांची टंचाई जाणवली, तेव्हा लॉइड जॉर्ज यांनी दोष दिला कामगाराच्या दारूला! जुलैत कायदा झाला: युद्धसाहित्याच्या कारखान्यांत संपबंदी, आणि मालकाच्या दाखल्यावाचून नोकरी सोडणाऱ्यास सहा आठवडे दुसरे काम नाही. स्फोटक भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडे.

गोळे निघाले. १९१६ च्या जूनअखेर सोमच्या आघाडीवर आठवडाभरात १५ लाखांवर गोळे टाकले गेले. त्यांतील पुष्कळ फुटलेच नाहीत. घाईचा माल कसा उतरतो हे लेथवाल्याला सांगावे लागत नाही. खोल तळघरांतील जर्मन वाचले, वर आले आणि मशीनगनी लावून बसले. १ जुलै या एका दिवशी ५७,४७० ब्रिटिश सैनिक कामी आले वा जायबंदी झाले, मृतच १९,२४०.

विषारी वायू १९१५ मध्ये आला, रणगाडा १९१६ मध्ये. एकट्या हत्याराने कोंडी फुटली नाही. १९१८ मध्ये तोफा, रणगाडे, विमाने व पायदळ यांचा मेळ बसला, आणि जर्मनी उपासमारीने खंगला, तेव्हा ती फुटली.

मित्रहो, न फुटलेल्या गोळ्यावरून कामगाराला बोल लावणे सोपे आहे. मला बोचतो तो फुटलेला गोळा. तोही कामगारानेच घडविला होता, आणि पडला तो पलीकडच्या कामगाराच्या मुलावर. जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनच्या लाखो कामगारांनी भाकरी आणि तह मागत हत्यारे खाली ठेवली. संप मोडला गेला, पुढाऱ्यांना आघाडीवर धाडले. पण ‘हा माल कोणासाठी?’ असे कारखान्याने विचारल्याची नोंद इतिहासात राहिली. तो प्रश्न आपल्या हवाली करून मी आपली रजा घेतो.