फोटोखाली नाव कुणाचं?



काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलला पिंपरीच्या पुतळ्याकडं निघालेल्या मिरवणुकीत मी एक फोटो काढला. पोरगा आमच्या संत तुकारामनगरातलाच, शेजारचा. डोक्याला निळा फेटा, हातात लेझीम, तोंड गुलालानं माखलेलं. फोटो झकास आला. मी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो किती हातांतून फिरला त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी पोरगा दारात उभा. चाकणकडं एका कारखान्यात तो कंत्राटी कामाला होता. जयंतीला सरकारी सुटी असते, पण त्याच्या कंत्राटदाराच्या हजेरीबुकात ती नव्हती. पोटात दुखतंय असं सांगून तो मिरवणुकीला आला होता. सुपरवायझरनं मोबाईलवर त्याचाच फोटो त्याला दाखवला आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला.

त्याची आई मला एवढंच म्हणाली, "फोटू लय झ्याक काढलास बाबा. पर काढायच्या आदी इचारायचं तरी व्हतंस."

तेव्हापासून मी आपल्या माणसांच्या फोटोंचा इतिहास हुडकतोय. कुणी काढले, कशासाठी काढले, खाली काय लिहिलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

युरोपात १८३९ साली फोटोची कला जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. कॅमेरे गोऱ्या साहेबांचे आणि पैसेवाल्या शेटजींचे. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं मुंबईच्या लोकांचे फोटो काढून १८६३ आणि १८६६ साली दोन खंड छापले. त्यात त्यानं माणसांची चित्रं कापून दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवली. म्हणजे माणूस उभा होता एका जागी आणि पुस्तकात दिसतो भलत्याच जागी. त्यानंतर सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे ८ खंड काढले. साडेचारशेच्यावर फोटो. १८५७ चं बंड नुकतंच मोडलं होतं. राज्य करायचं तर रयत ओळखली पाहिजे, हा हिशेब. त्या खंडांत बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही. जात आहे, जमात आहे. आणि ती जात कशी, राजनिष्ठ की दगलबाज, आळशी की कष्टाळू, याचा शेराही सोबत आहे. माणूस कॅमेऱ्यापुढं उभा राहिला, त्याचा चेहरा घेतला आणि त्याचं नाव तिथंच टाकून दिलं. गावानं जे हजार वर्षं केलं तेच साहेबाच्या पुस्तकानं केलं. गाव जातीनं हाक मारत होतं, पुस्तकानं जात छापली.

हे जुनं झालं असं समजू नका. दरवर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडं निघते तेव्हा पिंपरी-कासारवाडीच्या हमरस्त्यावर येऊन बघा. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी दिसली की दहा कॅमेरे तिच्यापुढं धावतात. दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्या सुरकुत्या छापून येतात. खाली लिहिलेलं असतं, 'भक्तीत तल्लीन वारकरी'. तिचं गाव कोणतं, ती कुणाच्या रानात मजुरीला जाते, हे तिला विचारायला कुणी थांबत नाही. ज्या तुकोबांच्या नावानं आमची वसाहत वसली त्यांच्या वाटेवरही बाईला नाव मिळत नाही.

आता आपल्या सभा-संमेलनांकडं या. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. अशा वर्तमानपत्रांच्या जगात आपल्या परिषदेला फोटोग्राफर कोण धाडणार? २० मार्च १९२७ ला महाडला हजारो माणसं चवदार तळ्यावर चालत गेली. बाबासाहेब ओंजळीनं पाणी पितात ते जे चित्र आपण कॅलेंडरवर बघतो, ते चित्रकारानं रंगवलेलं आहे. आपल्या इतिहासातला एवढा मोठा क्षण आपण रंगांतून बघतो. कॅमेऱ्याला पैसा लागत होता आणि आपल्या बापजाद्यांकडं भाकरीचा पैसा नव्हता.

आपल्या पट्ट्यातलंच सांगतो. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती जागा इथून लांब नाही. त्याच साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढं कारखान्यांमागून कारखाने आले. गाव सोडून आपली माणसं इथं आली. त्यांच्या पेटाऱ्यात काय होतं? एक बाबासाहेबांचा फोटो आणि फार तर एखादा लग्नातला. कधीतरी अशा घरांत जाऊन जुना अल्बम मागा. चवड्यावर बसलेली माणसं, मागं कापडी फलक, मधे पुष्पहार. कोण म्हणून विचारलं की घरातली पोरं म्हणतात, "आज्ज्याच्या येळचे हायेत कुणीतरी." कॅमेरा हाती आला तरी नाव लिहायची सवय आपल्यालाही लागली नाही.

एक माणूस मात्र डोळ्यांपुढं ठेवा. नामदेव व्हटकर. लेखक आणि चित्रपटातला माणूस. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. विमानानं त्यांचा देह रात्री मुंबईत आणला. दुसऱ्या दिवशी राजगृहातून अंत्ययात्रा निघाली. हे चित्रित झालंच पाहिजे या ध्यासानं व्हटकरांनी आपला छापखाना गहाण टाकला आणि कॅमेरा उभा केला. त्या फिल्मवर माणसांचा पूर आहे. दादरच्या चौपाटीवर त्या दिवशी चितेसमोर लाखावर लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती दृश्यं आज आपल्याला बघायला मिळतात ती या माणसामुळं. साहेबाच्या कॅमेऱ्यापुढं आपण नमुना होतो. व्हटकरांच्या कॅमेऱ्यापुढं रडणारी माणसं त्यांची स्वतःची माणसं होती. फरक यंत्रात नव्हता.

पण फोटोची दुसरी बाजूही आहे आणि तिनंच माझ्या शेजाऱ्याची रोजी घेतली. फोटो साक्ष देतो, तसा पकडूनही देतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकरनगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. १० माणसं मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता असं कारण दिलं गेलं. गुंडेवार आयोगानं तो गोळीबार समर्थनीय मानला नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली. आनंद पटवर्धनांनी तिथून सुरुवात करून १४ वर्षं चित्रण केलं आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. इथं कॅमेरा आपल्या बाजूनं उभा राहिला.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी त्याची फिर्याद आपल्या पिंपरी पोलीस ठाण्यात नोंदली गेली आणि मग शिक्रापूरला वर्ग झाली. दगड खाणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये चित्रण होतं. पण ३ जानेवारीच्या बंदनंतर सीसीटीव्ही आणि व्हिडिओ बघून पोरं हुडकली गेली तेव्हा तोच कॅमेरा उलटा फिरला. आपल्याच हौशी पोरांनी टाकलेले व्हिडिओ कुणाच्या कामी आले असतील याचा विचार करा.

म्हणजे बघा. दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी आपला चेहरा ठेवला आणि नाव फेकलं. आता त्यांना चेहरा दिला की नाव तेच शोधून काढतात. दोन्ही वेळी नावाची वही दुसऱ्याच्या हातात. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी रस्त्यावरच्या मिरवणुकीत फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही आणि अडवूही नये. सार्वजनिक रस्ता आपण लढून मिळवलेला आहे. पण कायदा अडवत नाही म्हणून माणसाला विचारायचंच नाही असं थोडंच आहे?

म्हणून माझं म्हणणं असं. पहिलं काम जुन्या फोटोंचं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडं जा. फोटो हातात घ्या, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवा आणि विचारा, आबा हे कोण, मावशी ही कोण. मागं पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. सांगणारी माणसं दर पावसाळ्यात कमी होतायत.

दुसरं काम नव्या फोटोंचं. जवळून चेहरा घ्यायचा तर विचारा. ढोल-ताशात बोलता येत नसेल तर मागून गाठून दाखवा आणि नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाका. नाव आपल्या वहीत लिहा, ग्रुपवर नको. मोर्चातला, बंदमधला, कामावर दांडी मारून आलेल्याचा चेहरा ग्रुपवर टाकू नका. आणि अन्याय घडताना काढलेलं चित्रण मात्र कापाकापी न करता, तारीख-वेळेसकट, दोन ठिकाणी जपून ठेवा. ते कोर्टाच्या कामाचं आहे.

आपल्या या अंकात फोटो छापता येत नाही. स्टेन्सिलच्या शाईत सगळे चेहरे काळे होतात. पण नावं उमटतात. पुढच्या अंकासाठी जुन्या फोटोंतली नावं पाठवा. आम्ही यादी छापू.

त्या शेजारच्या पोराला पुढं दुसरीकडं काम लागलं. गेल्या जयंतीला मी कॅमेरा घेऊन त्याच्यापुढं गेलो आणि नुसती मान हलवून विचारलं. त्यानं लेझीम खाली घेतली, फेटा नीट केला आणि म्हणाला, "आता काढ. औंदा रजा टाकून आलोय."

जयभीम.