जॅक शेपर्ड (१७०२–१७२४) : सुतारकी, चोरी आणि देहदंड

पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) या नाटकाचे मूळ ब्रेख्तमार्गे जॉन गे याच्या ‘द बेगर्स ऑपेरा’ (१७२८) पर्यंत जाते. गेच्या नायकामागे लंडनच्या ज्या चोराची प्रेरणा मानली जाते, तो जॅक शेपर्ड. देहदंडाच्या भयाने चोरीस आळा बसतो, या तत्कालीन गृहीतकाचा विचार प्रस्तुत लेखात त्याच्या चरित्राच्या आधारे केला आहे.

स्पिटलफील्ड्स या विणकरांच्या वस्तीत, सुताराच्या घरी शेपर्डचा जन्म झाला. वडील लवकर वारले. विल्यम नीबोन या लोकरी कापडाच्या व्यापाऱ्याने त्याला लिहिण्यावाचण्यास शिकविले व १७१७ मध्ये ओवेन वूड या सुताराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लावून दिले. मुदत संपण्यास काही महिने उरले असता शेपर्डने काम सोडले. जुलै १७२४ मध्ये त्याने नीबोनचेच घर फोडून कापड चोरले. पीटर लाइनबो यांनी ‘द लंडन हँग्ड’ (१९९१) या ग्रंथात शेपर्डला श्रमिकांच्या इतिहासात स्थान दिले. ती मांडणी मोलाची आहे; तथापि नीबोनच्या घरफोडीचा उलगडा तिने पुरता होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ऑगस्टमधील खटल्यात पहिल्या दोन आरोपांतून तो सुटला. तिसऱ्यात चोर पकडून देणाऱ्या व स्वतः चोरांच्या टोळ्या पोसणाऱ्या जोनाथन वाइल्डने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. फाशीची शिक्षा झाली. त्या एका वर्षात शेपर्ड चार वेळा कोठडीतून निसटला. १५ ऑक्टोबर रोजी न्यूगेट तुरुंगात बेड्या सोडवून, धुराडे फोडून, एकामागून एक कुलपे उघडत तो छतावर पोहोचला आणि खाली उतरण्यासाठी घोंगडी हवी म्हणून त्याच वाटेने कोठडीत परतला! कारागिराचे हे कौशल्य त्याला वूडच्याच कारखान्यात लाभले होते.

पुन्हा पकडल्यावर तुरुंगाधिकारी शुल्क घेऊन त्याला लोकांना दाखवीत. साथीदारांची नावे दिल्यास शिक्षा सौम्य होण्याची शक्यता होती. त्याने ती दिली नाहीत. १६ नोव्हेंबर १७२४ रोजी टायबर्न येथे प्रचंड गर्दीसमोर त्याला फाशी देण्यात आले. शल्यचिकित्सक प्रेत नेतील या भीतीने जमाव धावला; त्या झोंबाझोंबीत, त्याला पुन्हा जिवंत करण्याचा मित्रांचा बेतही फसला. जेमतेम सहा महिन्यांनी, २४ मे १७२५ रोजी, वाइल्डलाही टायबर्न येथेच फाशी झाली.