शाळा कुणाच्या पट्टीने मोजायची? भिवंडीच्या निमित्ताने

१९ ऑक्टोबर १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांचे निवेदन सादर झाले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी बहुतेकांना ठाऊक असते. त्याच निवेदनात शाळा-तपासणीविषयी काही वाक्ये आहेत, त्यांच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे : डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येऊन जातो, त्याने काही साधत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी. शिवाय एरवीही, आगाऊ सूचना न देता, शाळांना भेटी द्याव्यात. जिल्ह्याच्या आणि गावच्या अधिकाऱ्यांवर यासाठी विसंबू नये, कारण त्यांच्या मागे इतर कामांचा पसारा फार.

‘सूचना न देता’ या शब्दांत सार्वजनिक शाळेच्या मूल्यमापनाचा सगळा पेच आला आहे. शाळेला मोजमापाची वेळ आणि रीत आधी कळली, की शाळा शिकवणे बाजूला ठेवून त्या मोजमापाची तयारी करते. हा पेच महाराष्ट्रात कसकसा उलगडत गेला, आणि भिवंडीसारख्या शहरात तो इतका तीव्र का होतो, त्याविषयी हा धागा.

सुरुवात इंग्रजी खात्याच्याही आधीपासून. १८२०च्या दशकात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या राजवटीत मुंबई इलाख्यातील देशी शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवली गेली. समोर आला तो पंतोजींच्या शाळांचा पट : ओसरीवर, देवळात, कुणाच्या तरी वाड्यात भरणाऱ्या शाळा; मोडी वाचन-लेखन; पाढे आणि त्यांच्यासोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. या शाळांना तपासनीस नव्हता. मुलगा हिशेब करू लागला, कागद वाचू लागला, तर पंतोजी चांगला. नाहीतर पालक मुलाला काढून घेत आणि पंतोजीचे धान्य बंद होई. ही पट्टी कठोर होती, पण ती फक्त दाराच्या आत आलेल्यांसाठी. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले त्या ओसरीवर नव्हतीच, त्यामुळे त्यांच्याबाबत शाळा नापास झाली असे म्हणणारेही कुणी नव्हते.

१८५४चा वुडचा खलिता आला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते उभे राहिले. संचालक, इन्स्पेक्टर, डेप्युटी अशी उतरंड तयार झाली. पट, हजेरी, शेरेबुक हे शब्द मराठी शाळेत रुजले ते याच काळात. (आजही मुख्याध्यापकांच्या कपाटात शेरेबुक असते आणि त्यातले बहुतेक शेरे ‘समाधानकारक’ असतात.)

त्यानंतर इंग्लंडमधून एक नवी कल्पना आली : निकालावर अनुदान. रॉबर्ट लोच्या १८६२च्या संहितेनुसार तिथे प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा होई; मूल एका विषयात नापास झाले की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परिणाम लवकरच दिसला. मुले वाचनाचे नेमलेले पुस्तक तोंडपाठ करू लागली. पुस्तक उलटे धरले तरी ‘वाचन’ चालूच. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-तपासनीस होता आणि त्याने या यांत्रिकपणावर वर्षानुवर्षे टीका केली. हीच निकाल-अनुदानाची पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली. तिला अधिकृतपणे मूठमाती मिळाली ती लॉर्ड कर्झनच्या १९०४च्या शैक्षणिक ठरावाने.

या पद्धतीत हुशार मूल म्हणजे उत्पन्न आणि मागे पडलेले मूल म्हणजे तोटा, असा हिशेब होता. ठराव १९०४चा असला तरी हिशेब तेव्हा मेला नाही. दहावीचा ‘शंभर टक्के निकाल’ फलकावर लावणाऱ्या शाळांमध्ये कच्च्या मुलाला नववीनंतर हळूच ‘१७ नंबरचा अर्ज’ भरून बाहेरून बसण्याचा सल्ला मिळतो. हा प्रकार महाराष्ट्रातील कुठल्याही शिक्षकाला अपरिचित नाही. निकाल शंभर टक्के राहतो. शंभरातले कोण वगळले, ते फलकावर नसते.

आता भिवंडी.

कामवारी नदीकाठचे, खाडीच्या व्यापारावर वाढलेले हे गाव. १९०१च्या जनगणनेत त्याची वस्ती जेमतेम १० हजारांच्या आसपास होती; २०११मध्ये ती ७ लाखांवर गेली. कोकणी मुसलमानांची घरे इथे जुनी. १८५७नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तसे तेलंगणातले पद्मशाली आले, उत्तर प्रदेश-बिहारमधले कामगार आले. आसपासच्या खेड्यांत आगरी, कुणबी, आदिवासी. अलीकडच्या दोन-तीन दशकांत मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांचे जंगल उभे राहिले. मुंबई महानगर प्रदेशातले हे शहर आपल्या शाळांत उर्दू, मराठी, हिंदी, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून शिकवते.

अशा ठिकाणी ‘चांगली शाळा कोणती?’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘शाळा कुणाची?’ हे विचारावे लागते. शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळा भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या. वेशीबाहेरच्या ठाणे जिल्हा परिषदेच्या. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. शिवाय खाजगी अनुदानित आणि विनाअनुदानित वेगळ्याच. एकाच तालुक्यात चार घरांची भांडी; कुठले कुणाचे, हे बाहेरच्याला कळत नाही.

भाषेचा मुद्दा हंटर आयोगालाही जाणवला होता. मुसलमान मुलांच्या प्राथमिक शाळा तपासण्यासाठी मुसलमान तपासनीस अधिक प्रमाणात नेमावेत, अशी शिफारस त्याने केली. कारण उघड होते. ज्याला उर्दू वाचता येत नाही, तो उर्दू शाळेत काय तपासणार? भिंतीचा रंग, हजेरीपट आणि मास्तरांचा पेहराव. जिथे तपासणारा आणि शिकणारा यांची भाषा एक नसते, तिथे हे आजही घडू शकते.

विसाव्या शतकात वादाने वेगळे वळण घेतले. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा मुंबई इलाख्यात झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याच सुमारास सक्ती आणलीच होती. पट वाढू लागला आणि १९२९मध्ये हार्टोग समितीने बोट ठेवले : पहिलीत आलेली बहुसंख्य मुले चौथीपर्यंत पोहोचतच नाहीत. गळती आणि स्थगन हे दोन शब्द तिने शिक्षणचर्चेत कायमचे आणले. उपाय सुचवला तो असा, की विस्तार आवरा, आहे त्या शाळा सुधारा, निकामी शाळा बंद करा.

याला ज्यांनी ठामपणे विरोध केला, त्यांत र. वि. परुळेकर होते. ते मुंबई महापालिकेच्या शाळा समितीचे सचिव होते. शहरातल्या गरिबांच्या शाळा त्यांनी कागदावरून नव्हे, कारभारातून पाहिल्या होत्या. निरक्षरांच्या देशात दर्जाच्या नावाखाली शाळेचे दार अरुंद करणे त्यांना मान्य नव्हते. आधी सगळ्यांना आत येऊ द्या, हा त्यांचा आग्रह. १८२०च्या दशकातील देशी शाळांचे ते जुने सरकारी कागदही पुढे त्यांनीच संपादित करून प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी जे. पी. नाईक नंतर कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. समता, दर्जा आणि संख्या या तिघांचा मेळ भारतीय शिक्षणात बसत का नाही, हा प्रश्न नाईकांनी आयुष्यभर सोडला नाही.

हार्टोग समितीची आकडेवारी खोटी नव्हती. तरीही या वादात परुळेकरांची बाजू अधिक न्याय्य वाटते. गळती हा शाळेचा दोष म्हणून मोजला गेला. पण मागावर कांड्या भरायला बसवलेले मूल शाळेतून ‘गळते’, तेव्हा ते शाळेच्या दर्जामुळे गळत नाही. घरातल्या मजुरीच्या दरामुळे गळते. अशा शाळेला निकामी ठरवून टाळे लावले, तर उरलेल्या मुलांचेही दार बंद होते.

भिवंडीत हे चित्र वर्षानुवर्षे दिसत आले. यंत्रमाग दिवसपाळी-रातपाळीत चालतो. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या वस्तीत गृहपाठाची जागा कुठली? उन्हाळ्यात कुटुंबे मुलुखाला जातात, ती शाळा सुरू झाल्यावरही लगेच परतत नाहीत. जूनच्या हजेरीपटावर लाल फुल्या पडतात आणि शाळेच्या नावावर अनियमिततेचा शेरा बसतो.

हजेरीपटाचा दुसरा टोकाचा किस्सा २०११चा. शिक्षकांची पदे पटावर ठरतात, म्हणून काही ठिकाणी पट फुगवला जात होता. ऑक्टोबरच्या ३, ४ आणि ५ तारखांना राज्यभर एकदम पटपडताळणी झाली. तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये, म्हणून मतदारासारखी बोटाला शाई लावली गेली. लाखो नावे निघाली ज्यांना बोटच नव्हते. शासनाने शाळेला दिलेली ही अचानक भेट फुल्यांना कदाचित पटली असती. मात्र तिने मूल आहे की नाही एवढेच पाहिले; ते काय शिकते, हे पाहिले नाही.

शिकण्याचे मोजमाप आले ते मुख्यतः २००५नंतर. ‘प्रथम’ या मुंबईत जन्मलेल्या संस्थेने ‘असर’ पाहणी सुरू केली. घरी जाऊन मुलासमोर दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवायचा आणि वाचायला सांगायचे. इतकी साधी, इतकी बोचणारी दुसरी पट्टी भारतीय शिक्षणात झाली नाही. पण ही पाहणी ग्रामीण भागाची आहे. म्हणजे भिवंडी तालुक्यातले खेडे तिच्या कक्षेत येते आणि त्याला लागून असलेली शहरातली मागवस्ती येत नाही.

केंद्र सरकारच्या संपादणूक सर्वेक्षणांचे, २०१७, २०२१ आणि २०२४ची, निष्कर्ष जिल्हावार येतात. ठाणे जिल्ह्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर आणि भिवंडी-निजामपूर अशा सहा महापालिका आहेत. नवी मुंबईतल्या शाळेचे आणि भिवंडीतल्या शाळेचे गुण एकाच सरासरीत विरघळतात. सरासरी बरी आली, की भिवंडीचा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. शाळांच्या सुविधा मोजणारी यू-डायस ही नोंदपद्धती शाळाशाळेपर्यंत पोहोचते, प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक देते. तिथे नळ, शौचालय, खोल्या, शिक्षक सारे सापडते. नळाला पाणी येते का, हे मात्र नळ मोजून कळत नाही.

मोजमापाच्या बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी जुन्या ठाणे जिल्ह्यातच वेगळे प्रयोग झाले, हेही इतिहासात नोंदवले पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली : मूल शाळेत येत नसेल, तर शाळा कुरणात जाईल. विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्यांत, म्हणजे भोंग्यांत, भोंगाशाळा चालवल्या. तिथे प्रश्न उलटा विचारला गेला. मूल शाळेला लायक आहे का, हे न पाहता शाळा मुलापर्यंत पोहोचली का, हे पाहिले गेले.

भिवंडीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. भट्टीवर येणारी कातकरी कुटुंबे मुलांना सोबत आणतात; मुलांची नावे मात्र मूळ गावच्या पटावर राहतात. स्थलांतरित मुलाला जिथे जाईल तिथे शाळेत बसता यावे, म्हणून शासनाने शिक्षण हमी कार्ड काढले आहे. २०२१चे राष्ट्रीय सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झाले, २०२४चे ४ डिसेंबरला. दोन्ही तारखा दिवाळीनंतरच्या, म्हणजे भट्ट्यांच्या हंगामातल्या. चाचणी त्या दिवशी वर्गात हजर असलेल्या मुलांची होते.