जन्मांचे ऋतुमान : खानदेश

वर्षभरात जन्म सारखे न होता काही महिन्यांत वाढतात आणि काही महिन्यांत घटतात, त्याला जन्मांचे ऋतुमान म्हणतात. उत्तर व मध्य भारतात ऑगस्ट ते ऑक्टोबर हा बाळंतपणांचा भर. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती रोडावतात. गर्भधारणेपासून जन्मापर्यंत सुमारे 38 आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरमधल्या बाळाची गर्भधारणा डिसेंबरच्या थंडीत झालेली असते, फेब्रुवारीतल्या बाळाची मे महिन्यात. चोपडा तालुक्यासारख्या तापीकाठच्या मुलखात मेमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जातो, म्हणून या चढउताराचे मुख्य कारण उष्णता हेच मानणे सयुक्तिक ठरते. शुक्रपेशी तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि उष्णतेने त्यांची संख्या व दर्जा घटतो. त्यामुळे पाऊस सुरू झाला तरी उन्हाळ्याचा फटका जुलैपर्यंत रेंगाळू शकतो. मार्च-एप्रिलमध्येही जन्म कमी का, याचा उलगडा त्यातून होतो.

यावर पहिला आक्षेप रूढींचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आषाढात नवी नवरी माहेरी राहते. तेव्हा घट ताटातुटीची का नसावी? थोडा वाटा ताटातुटीचा असेलच. पण लग्नसराईचे काय? वैशाख-ज्येष्ठातल्या लग्नांमुळे पहिलटकरणींची बाळंतपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढायला हवीत, आणि नेमके तेच महिने मंदीचे आहेत. शिवाय आखाजी नसलेल्या बांगलादेशातल्या मतलब भागातही जन्मांचा भर वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत आढळला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एप्रिल-मेमध्ये जन्म घटत, आणि घरोघरी वातानुकूलन आले तशी ती घट कमी झाली. रूढी तिथल्याही निराळ्या. सारखा आहे तो उन्हाळा. थंड युरोपात मात्र पूर्वी वसंतात जन्म जास्त होत, त्यामुळे हा नियम साऱ्या जगाला लावता येत नाही. कामासाठी होणाऱ्या स्थलांतराचे कारणही पुढे केले जाते. पण ऊसतोडीला नवरा-बायको 'कोयता' म्हणून जोडीनेच जातात.

दुसरा आक्षेप नोंदींचा, आणि तो अधिक वजनदार आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लावून दिलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. घरी झालेल्या बाळंतपणाची तारीख 'दिवाळीच्या आधी' एवढीच सांगितली जाई. अशा दाखल्यांवरून ऋतुमान काढले तर जून हाच जन्मांचा हंगाम ठरेल. म्हणून दवाखान्यातल्या प्रसूतींची नोंदवहीच प्रमाण धरावी. वर सांगितलेला भर तिच्यातही दिसतो.

हा भर पावसाळ्यातच येतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी वैजापूरकडच्या पाड्यांवरून निघालेल्या बाईला तेव्हा नाल्यांचे पूर अडवतात. नोंदींचे म्हणाल तर जन्माची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते. ती खऱ्या तारखेने करावी. आणि पुरांची अडचण ओळखून आरोग्य खात्यानेही रुग्णवाहिका आणि परिचारिकांच्या नेमणुका वर्षभर एकसारख्या न ठेवता ऑगस्टच्या आत वाढवाव्यात.